कट केला म्हणजे कळलं

१५ फेब्रुवारी २००७, गुरुवार

आजपासून आगीचा हंगाम सुरू झाला. पंधरा जूनपर्यंत रोज सकाळी सात ते संध्याकाळी सहा टॉवरवर बसायचं, जंगलाकडे पाहायचं आणि धूर दिसला की कळवायचं. काम एवढंच. बारावी पास माणसाला एवढंच काम मिळालं याचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. तरी रोज थोडं वाटतंच.

ही डायरी गेल्या वर्षीची. मुखरूच्या दुकानात खतवाल्यांनी दिली होती, कोरीच पडून होती, मी मागून घेतली. छापलेला वार एकाने मागे आहे, तो खोडून खरा वार लिहीत जाईन. टॉवरवर सरकारी रजिस्टर वेगळं आहे. त्यात धुराची वेळ, दिशा आणि सही एवढंच लिहायचं असतं. माझं म्हणणं लिहायला त्यात रकाना नाही.

टॉवरवरचा वायरलेस बिघडून दोन वर्षं झाली. म्हणून वनरक्षक कोवेसाहेबांनी यंदा मोबाईलवाला माणूस शोधला. चिचटोल्यात मोबाईल दोघांकडे, त्यातला एक सरपंच. म्हणजे मला हे काम मिळालं ते डोळ्यांमुळे नाही, मोबाईलमुळे. खाली गावात टॉवर येत नाही, टॉवरवर मात्र दोन कांड्या टॉवर येतो. हे वाक्य मी घरी बायकोला, दिव्यानीला ऐकवलं. ती म्हणाली, परत सांगा, मले काई कळलं नाई.

सोबतीला पोचूभाऊ आहे. साठीचा माणूस, अठरा हंगाम याच टॉवरवर काढलेले. बोलतो कमी.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पोचूभाऊला माझी परीक्षा घ्यायची फार हौस आहे. टॉवरच्या लाकडी कठड्यावर त्याने विळ्याने खुणा केल्या आहेत, एकूण अकरा. पहिली खूण म्हणजे तलाव, चौथी म्हणजे नाल्यापलीकडची मोहाची झाडं, सातवी पोंभुर्ण्याची सडक, असं. धूर दिसला की ज्या खुणेच्या रेषेत असेल तो आकडा कळवायचा. सोय चांगली आहे. पण हा स्वतः कधी आकडा सांगत नाही. मलाच विचारतो.

"धूर कोन्त्या खुणेवर हाय गा?"

मी म्हणतो सहावी. मग विचारतो, रंग कोणता. मी म्हणतो पांढरा. मग विचारतो, "बूड कसं हाय? बारीक का रुंद?" धुराचं बूड बारीक असेल तर आग एका जागी आहे, कुणीतरी पाला जाळतंय. बूड रुंद होत चाललं तर आग चालायला लागली. हे त्याने मला पहिल्याच दिवशी शिकवलं, आणि मला ते लगेच कळलं. तरी रोज दहा वेळा तेच विचारतो. उत्तर ऐकताना कठड्यावरच्या खुणा बोटांनी चाचपत बसतो. मास्तर असता तर मुलं शाळा सोडून गेली असती.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मोबाईलमध्ये सापाचा खेळ आहे. साप दाणे खात जातो, लांब होत जातो, स्वतःच्या शेपटीला लागला की मेला. राजुऱ्याहून मावसभाऊ रिंकूचा मेसेज आला, त्याचा स्कोअर १४१२. तो खाणीवर कामाला आहे आणि त्याला सुट्टीशिवाय खेळायला वेळ मिळत नाही. मी दिवसभर टॉवरवर बसतो आणि माझा ६९०. हे काही बरोबर दिसत नाही.

५ मार्च, सोमवार

काल धुळवड झाली. आज साडेदहाला पोचूभाऊ म्हणाला, वास येऊन राह्यला, पाय जरा. मी वर पाहिलं तर नवव्या खुणेवर धूर, बूड रुंद होत चाललेलं. कोवेसाहेबांना फोन लावला, माणसं गेली, आग अर्ध्या तासात विझली. पोचूभाऊची मान आधीपासून त्याच दिशेला होती, पण त्याने धूर पाहिला असं म्हटलं नाही, वास म्हटलं. मला खिजवायला म्हणून. मी तेव्हा ८४० वर होतो आणि फोन लावण्यासाठी खेळ बंद करावा लागला.

खरं लिहायचं तर, धूर मला आधीच दिसायला हवा होता.

६ मार्च, मंगळवार

ठरवलं की मोबाईल थैलीत ठेवायचा आणि थैली खुंटीला. सात वाजता ठेवला. मग किती वाजले ते पाहायला काढला, कारण घड्याळ मोबाईलातच आहे. पावणेआठ. परत ठेवला. मग रिंकूचा मेसेज आला असेल असं वाटलं. आला नव्हता. मग काढलाच आहे तर एक डाव. अकरा वाजता थैली खुंटीला होती आणि मोबाईल माझ्या हातात होता. थैलीने तिचं काम बरोबर केलं.

जंगल दिवसभर तसंच असतं हीच अडचण आहे. साप निदान हलतो तरी.

१२ मार्च, सोमवार

मोहफुलं पडायला लागली. बायका भल्या पहाटे जातात. झाडाखाली पाला असला तर फुलं दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी पाला पेटवून जमीन साफ करतात. कोवेसाहेब म्हणतात झाडून काढा, पेटवू नका. बायका हो म्हणतात आणि पेटवतात. आमच्या घरची सहा झाडं चौथ्या खुणेवर आहेत आणि पोचूभाऊच्या घरची सात त्यांना लागून. दिव्यानी आणि पोचूभाऊची बायको भागीरथाबाई बरोबरच जातात.

आता दिवसाला वीस धूर दिसतात आणि त्यातले एकोणीस आपल्याच बायकांचे. प्रत्येकाला फोन लावत बसलो तर कोवेसाहेब मला खाली ओढतील. म्हणून मी एक युक्ती काढली. मुखरूच्या दुकानात नाणं टाकायचा डबा-फोन आहे. उचलला नाही तर नाणं परत पडतं. तर असं ठरलं:

एक मिस कॉल म्हणजे जेवणाचा डबा निघाला.
दोन म्हणजे पाला पेटवतो आहोत, धूर आमचाच, काळजी नको.
तीन म्हणजे आग हातून गेली, माणसं आणा.

मी इकडून कट केला म्हणजे कळलं. मी कट केला नाही तर त्यांनी परत लावायचा. दिव्यानीला दोनदा म्हणायला लावलं, तिने सगळ्या बायकांना शिकवलं. पैसे पडत नाहीत, वेळ जात नाही. बारावी वाया गेली नाही असं वाटलं.

पोचूभाऊला समजावून सांगितलं. त्याने चौथी खूण बोटाने चाचपली. मग म्हणाला, "आमच्याइथी तं बोलनं कट केलं म्हणजे आयकाचं नाई, असं होते." जुन्या माणसांना नवीन गोष्ट पचत नाही.

१८ मार्च, रविवार

काल रात्री बांगलादेशाकडून हरलो. मुखरूच्या टीव्हीसमोर अर्धं गाव होतं. आज सकाळपासून रिंकूचे सात मेसेज, मी नऊ पाठवले. पोचूभाऊने तीन वेळा धुराबद्दल विचारलं, मी तिन्ही वेळा न पाहता नाई म्हणालो. नशीब, नव्हताच.

२४ मार्च, शनिवार

१३०५. दोन मिस कॉल आले तेव्हा सापाची शेपटी कोपऱ्यात अडकली होती. फोन वाजला की खेळ थांबतो, आणि कट केला की जिथे थांबला तिथून सुरू होतो. ही सोय चांगली आहे. आता अंगठ्याला सवय झाली आहे, वाजायला लागायच्या आत कट होतो.

पोचूभाऊ हल्ली पाणी आणायला नाल्यावर गेला की तास-तास येत नाही. पायऱ्या उतरतानाही एकेक पाय चाचपत उतरतो. वय झालं. मी म्हटलं मी जातो पाणी आणायला, तर म्हणाला, नाई, तू इथीच राय, तुयाशिवाय टॉवर चालत नाई. पहिल्यांदा काहीतरी चांगलं बोलला.

२९ मार्च, गुरुवार

चौथ्या खुणेवर आग. भागीरथाबाईचे पाय भाजले. नंतर लिहीन.

३० मार्च, शुक्रवार

काल काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण विचारणार आहेत.

पोचूभाऊ पाणी आणायला खाली गेला होता. साधारण साडेदहा. वारा एकदम सुटला. मी टॉवरवर लक्ष ठेवून होतो. मधल्या काळात फोनला टॉवर नीट नव्हता, त्यामुळे मिस कॉल नीट कळले नाहीत. धूर दिसताच मी कोवेसाहेबांना फोन लावला, तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. ते माणसं घेऊन पोचायला पाऊण तास लागला. आठ-दहा झाडं भाजली. भागीरथाबाई नाल्यापलीकडे एकट्याच आग झोडपत होत्या. त्यांना पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं आहे. दोन्ही पाय घोट्यापर्यंत.

यात माझ्याकडून जे व्हायला हवं होतं ते झालं.

३१ मार्च, शनिवार

कोवेसाहेब आले. रजिस्टर उघडून बसले. म्हणाले, आग साडेदहाची, फोन अकरा-पाचचा, मधल्या पस्तीस मिनिटांचं कारण लिहावं लागेल आणि कारणाखाली एक नाव. पाळीवर कोण होतं?

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला अजून माहीत नाही. त्याआधीच पोचूभाऊ बोलला.

"मी होतो सायेब. मले धूर दिसला नाई."

कोवेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं, पाळीवर पोचू, दुर्लक्ष. उद्यापासून त्याचं नाव कमी. पोचूभाऊने अंगठा दिला. अंगठा कुठे टेकवायचा तेही त्याला साहेबांनी हात धरून दाखवलं.

माझ्यासाठी तो खोटं का बोलला हे मला कळत नाही. त्याचं माझ्यावर एवढं प्रेम असल्याचं कधी दिसलं नाही. आज जेवलो नाही. दिव्यानीने विचारलं नाही का जेवत नाही म्हणून. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

२ एप्रिल, सोमवार

आता खरं लिहितो. ३० तारखेचं पान फाडणार होतो, पण राहू दे.

२९ तारखेला मी १३८० वर होतो. फोन वाजला, कट केला. परत वाजला, कट केला. परत वाजला, कट केला. मोजलं नाही. डबा निघाला असेल असं काहीतरी डोक्यात आलं, तेही नंतर. टॉवर नीट नव्हता हे खोटं आहे. दोन्ही कांड्या होत्या. साप मेला तेव्हा स्कोअर १४३१ झाला. मी रिंकूला मेसेज केला, मग वर पाहिलं. चौथ्या खुणेपासून पाचव्यापर्यंत सगळा धूर होता आणि बूड दिसतच नव्हतं, एवढं रुंद.

आज दवाखान्यात गेलो. दिव्यानी बरोबर होती. भागीरथाबाईच्या पायांना जाळीचं कापड गुंडाळलेलं. त्यांनीच मला बसायला सांगितलं. मग तिथे जे कळलं ते असं.

पाला आमच्याच झाडाखालचा होता. दिव्यानीने पेटवला आणि वारा सुटला. दोन मिस कॉल द्यायला जायच्या आधीच आग झाडांखाली पसरली. ती गावाकडे पळाली. वाटेत दोन फाटे आहेत. एक मुखरूच्या दुकानाकडे जातो, एक तलावाकडे. तलावाच्या पाळीवर रोजगार हमीचं काम चालू होतं, चाळीस माणसं होती, फावडी घेऊन. तिकडे गेली असती तर ती माणसं दहा मिनिटांत येतात. पण तिने आधी फोन लावला. तीन वेळा. तिन्ही वेळा इकडून कट झाला. म्हणजे कळलं. म्हणजे माणसं निघाली. म्हणून ती तलावाकडे गेलीच नाही, परत आली आणि नाल्याच्या अलीकडूनच भागीरथाबाईला ओरडून सांगितलं की माणसं येऊन राह्यली, थोडा दम धरा. मध्ये आग होती, तिला पलीकडे जाता आलं नाही.

"मी सुटली असती," भागीरथाबाई म्हणाल्या. "पन तिनं सांगतलं ना, तीनई येळा कट झाला म्हनून. मंग मी काऊन सोडून जाऊ? तुमची झाडं होती पुढं. आता येतीन, मंग येतीन, असं करत झोडपत रायली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशोबात काय चुकलं ते शोधावं तसं सांगत होत्या. मग त्यांनी पोचूभाऊचं काढलं.

"त्याईचं नाव कमी झालं ते चांगलंच झालं, बाबू. दोन वर्सापासून त्याईले लांबचं दिसत नाई. मोतीबिंदू हाय. सांगत नव्हते कोनाले, काम जाईन म्हनून. यंदा तू आला तं म्हने, पोट्ट्याचे डोळे तेज हायेत, तो सांगते अन् मी समजून घेतो, निभते."

मी काय काय लिहून ठेवलं आहे या डायरीत. परीक्षा घेतो. मास्तर असता तर. खिजवायला म्हणून.

मी भागीरथाबाईंना सांगितलं. खेळाचं, १४३१ चं, सगळं. दिव्यानीच्या देखत सांगितलं. भागीरथाबाई काही वेळ पायांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, साप? मी म्हटलं हो. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

घरी आल्यावर दिव्यानीने कडी काढली. दारात म्हणाली, "मले वाटलं तुम्ही आयकलं." एवढंच. मला लाज वाटते. यापेक्षा मोठा शब्द मला येत नाही.

३ एप्रिल, मंगळवार

सकाळी सायकलने कोवेसाहेबांच्या क्वार्टरवर गेलो आणि सांगितलं. मिस कॉलच्या युक्तीचं पण सांगितलं, म्हणजे बायका पाला पेटवतात आणि मी ते झाकतो हेही आलंच. ते म्हणाले, पाला पेटवतात ते मले मालूम नाई असं वाटते का तुले. मग त्यांनी रजिस्टर काढलं.

"एकाले दिसत नाई अन् दुसरा पाहत नाई," ते म्हणाले. "असा टॉवर भेटला मले."

रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. पोचूचं नाव खोडायला लावलं आणि माझ्या अक्षरात लिहायला लावलं: पाळीवर भूपेश, मोबाईल खेळत असल्याने धूर पाहिला नाही. अक्षर वाईट आलं. पुढच्या हंगामात माझं नाव नाही. या हंगामात एप्रिलच्या उन्हात टॉवरवर चढायला दुसरा माणूस मिळत नाही म्हणून जूनपर्यंत मीच. पोचूभाऊचं नाव मात्र परत येणार नाही. ज्याला दिसत नाही त्याला टॉवरवर ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणंही बरोबर आहे.

मी विचारलं, मोबाईल टॉवरवर नेऊ की नको? म्हणाले, नाई नेला तं धूर मले का कबुतर पाठवून सांगशीन?

६ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस एकटा बसलो. मोबाईल थैलीत आहे आणि माझं अर्धं डोकं थैलीत आहे. खेळत नाही. पण अंगठा हलतो. आपण काही पाहत नाही आहोत हे माझ्या दर थोड्या वेळाने लक्षात येतं. डोळे जंगलाकडे असतात आणि मी तिथे नसतो. खेळ बंद केला की झालं, असं मला वाटलं होतं. तसं नाही.

आज नऊ वाजता पायऱ्यांवर आवाज आला. पोचूभाऊ. एकेक पायरी चाचपत वर आला आणि आपल्या जागेवर बसला. मी म्हटलं, तुमचं नाव कमी झालं ना. म्हणाला, नाव कमी झालं, मी कुठी कमी झालो.

मी माफी मागायला लागलो. त्याने हात वर केला. मग म्हणाला, "मले राग हाय. राहू दे तो. धूर कोन्त्या खुणेवर हाय ते सांग."

मी सांगितलं. तिसरी, पांढरा, बारीक. सहावी, पांढरा, बारीक, विझत चाललाय. दहावीवर काही नाही. पाच मिनिटांनी परत विचारलं, परत सांगितलं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. आणि संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभरात मोबाईलची आठवण दोनदाच आली.

९ एप्रिल, सोमवार

नवीन पद्धत. मोबाईल आता पोचूभाऊच्या बंडीच्या खिशात असतो. त्याला साप दिसत नाही म्हणजे तो खेळू शकत नाही, आणि मी मागितला तर तो देत नाही. काल मागितला होता, वेळ पाहायला म्हणून. म्हणाला, उन्ह पाय.

मिस कॉलचा नियमही बदलला. कट करायचं नाही. वाजून थांबू द्यायचं आणि पोचूभाऊने बोटांवर मोजायचं. मग मी त्या खुणेकडे पाहून काय दिसतं ते सांगायचं. मी सांगितल्यावरच इकडून मुखरूच्या डब्याला उलट मिस कॉल. हिरवं बटन कुठलं ते पोचूभाऊ एका दिवसात चाचपून शिकला. मला सापाचे कोपरे शिकायला महिना लागला होता.

दिव्यानी आता पाला झाडून काढते. भागीरथाबाईच्या सात झाडांखालचाही तीच काढते. त्यातली चार भाजली आहेत, तरी वरून थोडी फुलं टाकतात. ती फुलं वाळवून त्यांच्या घरी पोचवते. माझ्याशी थोडं बोलायला लागली आहे. काल विचारलं, आज काय काय दिसलं. मी सांगत बसलो तर तिला झोप आली.

१९ एप्रिल, गुरुवार

फार ऊन. भागीरथाबाईंना घरी आणलं. खाटेवरच आहेत. रोज संध्याकाळी जातो, दारातून विचारतो, निघतो. आत बोलावत नाहीत, बोलवावं असं मला म्हणता येत नाही.

टॉवरवर बोलत बोलत पाहायचं हे सोपं नाही. न पाहता बोलता येतं का ते मी करून पाहिलं. आठवीवर काही नाही, असं सवयीने म्हणालो. पोचूभाऊने नाक वर केलं आणि म्हणाला, तू पायलं नाई. खरंच पाहिलं नव्हतं. आवाजावरून कळतं म्हणे. तेव्हापासून फसवत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. जंगल दिवसभर तसंच असतं असं मी मार्चमध्ये लिहिलं होतं. ते चूक आहे. सांगायला लागलं की बदलतं. पळस गळाले, आता पाचवी खूण तपकिरी झाली आहे, आणि नाल्याच्या कडेची करंजी तेवढी हिरवी आहे. दुपारी दोनला सातव्या खुणेवर हवा हलते आणि धुरासारखी दिसते, पण धूर नसतो. हे कळायला मला दोन महिने लागले.

११ मे, शुक्रवार

दहा वाजून वीस मिनिटांनी मी म्हणालो, अकरावी, राखाडी, बारीक. मग, बारीक नाही. पोचूभाऊने विचारायच्या आत म्हणालो, रुंद होतंय, लावा. त्याने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला, मी कोवेसाहेबांना सांगितलं, फोन परत त्याच्या खिशात. बोलणं संपून चार मिनिटं झाल्यावर मुखरूच्या डब्यावरून मिस कॉल आले. पोचूभाऊने मोजले, एक, दोन, तीन. म्हणाला, "आता सांगून राह्यले लोक."

बांबूचा अर्धा एकर गेला. माणूस कुणी भाजलं नाही.

दुपारी कोवेसाहेब टॉवरवर आले. पोचूभाऊकडे पाहून म्हणाले, हा कोन? मी म्हटलं, पाहुणा. त्यांनी पाहुण्याला तंबाखूचा खर्रा दिला आणि खाली उतरले. जाताना सांगून गेले की दिवाळीनंतर चंद्रपूरला डोळ्यांचं शिबिर आहे आणि पाहुण्याचं नाव त्यांनी दिलं आहे. पोचूभाऊ म्हणाला मी नाई जात.

१४ जून, गुरुवार

उद्या शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी इथे कोण बसेल माहीत नाही. कठड्याच्या खुणा त्याला कुणीतरी सांगायला हव्यात म्हणून मी एका पुठ्ठ्यावर अकराही खुणा लिहून वरच्या पत्र्याखाली बांधल्या आहेत. रिंकूचा गेल्या आठवड्यात मेसेज आला, १५०२. मी तीन दिवसांनी पाहिला. चांगला आहे असं उत्तर पाठवलं.

आज चारच्या सुमारास आभाळ होतं, पण खाली सगळं कोरडं. चौथ्या खुणेवर काहीतरी करडं दिसलं. धूर की वाऱ्याने उडालेली माती हे कळेना. मी सांगायला लागलो, चौथी, करडं, बूड दिसत नाही अजून, थांबा. तेवढ्यात पोचूभाऊच्या खिशात फोन वाजला.

तो बोटं उघडून मोजायला बसला. एक झाली आणि तिथेच राहिली, कारण वाजणं थांबेना. मिस कॉल दोनदा वाजला की तुटतो. हा वाजतच होता.

"हे तं थांबतच नाई गा," तो म्हणाला. "उचलू?"

मी म्हटलं, उचला. हिरवं. मी चौथी खूण सोडली नाही.

त्याने कानाला लावला. फोनचा आवाज मोठा आहे, मला सगळं ऐकू आलं. पलीकडे भागीरथाबाई होत्या.

"मी हाय," त्या म्हणाल्या. "दुकानातून बोलून राह्यली."

"कोनं आनलं तुले?"

"कोनी नाई. मीच आली. पायानं."

पोचूभाऊने फोन कानाला तसाच दाबून धरला. नाणं पडल्याचा आवाज आला आणि फोन तसाच चालू राहिला. टॉवरच्या पत्र्यावर वारा वाजत होता. पोचूभाऊच्या नाकातून आवाज आला, पण तो कसला होता हे मला सांगता येणार नाही. तो हसला की रडला, त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, हे मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मी पाहिलं नाही.

मी चौथ्या खुणेकडे पाहत होतो. माती होती. तेवढं सांगितलं.